बिल टाकलंय, पैसे कधी?

डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर एक निळा शिक्का असतो. ‘माल मिळाला, तपासणीच्या अधीन.’ खाली कुणाची तरी सही, जी आजवर कुणालाच वाचता आलेली नाही, आणि तारखेच्या रकान्यात बहुतेक वेळा काहीच नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवर पार्ट बनवून देणारे माझे एक जुने क्लायंट आहेत, आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतो. दर फेब्रुवारीत ते अशा चलनांची फाइल काखेत मारून येतात आणि खुर्चीत बसायच्या आधीच सुरू करतात, ‘सर, बिल टाकून तीन महिने झाले. पार्टी म्हणते, प्रोसेसमध्ये आहे.’

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या सगळ्या पट्ट्यात मोठे कारखाने मोजके आणि त्यांना पार्ट, पॅकिंग, प्लेटिंग, पावडर कोटिंग पुरवणाऱ्या छोट्या शेड गल्लोगल्ली. मोठ्यांचं गाडं छोट्यांच्या उधारीवर चालतं हे इथे कुणी लपवतही नाही. पर्चेस ऑर्डरवर सरळ छापलेलं असतं: पेमेंट ९० दिवस. गेल्या दोन-तीन वर्षांत आयकर, रिझर्व्ह बँक, एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालय आणि कामगार कायदे अशा चारही बाजूंनी नियम बदलले. बातम्या सुट्या सुट्या आल्या, त्यामुळे त्यांचा एकमेकींशी संबंध कुणी लावला नाही. भाऊसाहेबांच्या टेबलावर मात्र त्या सगळ्या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: दुसऱ्याचा पैसा अडकवून ठेवला तर त्याची किंमत कुणी मोजायची? म्हणून सगळे नियम एकदम सांगत बसण्यापेक्षा त्यांचं एकच बिल घेतो आणि ते जाईल तिकडे जातो.

बिल दहा लाखांचं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी एक लाख ऐंशी हजार. माल ५ जानेवारीला कंपनीच्या गेटवर उतरला. छोट्या उद्योगाचे पैसे द्यायची कायद्याची कमाल मुदत, म्हणजे पंचेचाळीसावा दिवस, येतो १९ फेब्रुवारीला. दुसऱ्याच दिवशी, २० फेब्रुवारीला, जानेवारीचं जीएसटी रिटर्न भरायची शेवटची तारीख. पार्टीकडून एक रुपया आलेला नसला तरी भाऊसाहेबांना एक लाख ऐंशी हजारांचा हिशेब सरकारला द्यावाच लागतो. स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाता जे उरेल ते खिशातून. समोरच्या कंपनीने दरम्यान त्याच बिलावरचं क्रेडिट उचललेलंही असू शकतं. जीएसटी कायदा तिला पैसे चुकते करायला १८० दिवस देतो. तोवर नाही दिले तर क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. म्हणजे एका बिलावर दोन घड्याळं चालतात, आणि बहुतेक अकाउंट खात्यांना १८० वालंच पाठ असतं.

पंचेचाळीसवालं घड्याळ नवं नाही. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातलं आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि लेखी करार नसेल, तर पैसे १५ दिवसांत. करार असेल तर करारात ठरलेल्या तारखेला, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या पुढे नाही. पर्चेस ऑर्डरवर ९० छापा नाहीतर १२० छापा, कायदा ते ४५ च वाचतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. डिसेंबर २०२५ च्या पतधोरणात बँक रेट साडेपाच टक्क्यांवर आला. त्याची तिप्पट साडेसोळा. दहा लाख सहा महिने अडकले तर व्याज होतं ८५ हजारांच्या आसपास. वर हे व्याज देणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

घड्याळ नेमकं कधी सुरू होतं, हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. दिवस मोजायचे ते माल ‘स्वीकारल्यापासून’. खरेदीदाराला मालात खोट दिसली तर त्याने पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायची. घेतली, तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून मोजणी. नाही घेतली, तर माल ज्या दिवशी पोचला तोच स्वीकाराचा दिवस. ‘क्वालिटीवाले फोनवर म्हणाले होते, दोन पीस खराब आहेत’ ही लेखी हरकत नव्हे. आणि तो निळा शिक्का? ‘तपासणीच्या अधीन’ असं छापल्याने तपासणी कायमची लांबवता येत नाही. पंधरा दिवस गेले की ती संपली. पण हे सिद्ध करायला माल पोचल्याची तारीख लागते, आणि शिक्क्याखालचा रकाना कोरा असतो. ई-वे बिल, गेट एंट्रीची पावती, स्टोअरचा जीआरएन (माल जमा झाल्याची नोंद) यातलं काहीतरी हातात हवं. गेल्या वर्षी भाऊसाहेबांच्या ड्रायव्हरला मी एवढंच शिकवलं: शिक्का मारून घेतलास की पेन पुढे कर आणि म्हण, साहेब, तारीख टाका.

एवढा कडक कायदा असून सतरा वर्षं कुणाला त्याची भीती का वाटली नाही? कारण तो वापरायचा तर पुरवठादाराने तक्रार करायला हवी. सरकारने नेमलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जा, अर्ज करा, कंपनीला नोटीस पाठवा. आणि दुसऱ्या दिवशी आपला व्हेंडर कोड ब्लॉक झालेला बघा. अंबडच्या चहाच्या टपरीवर विचारा, कुणीही सांगेल: दहा लाखांसाठी केस करून वर्षाचं कोटभराचं काम कोण घालवणार? कागदावरचा हक्क आणि पोटातली भीती यात पोटातली भीती जिंकायची.

२०२३ च्या वित्त कायद्याने ही गाठ दुसऱ्या टोकाने सोडवायचा प्रयत्न केला. आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये एच हे पोटकलम घातलं, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ते लागू झालं. गोष्ट साधी आहे: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे एमएसएमईडी कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा मिळणार नाही. प्रत्यक्ष देशील त्या वर्षी मिळेल. इथे भाऊसाहेबांना तोंड उघडायची गरजच नाही. कंपनीचा स्वतःचा ऑडिटर मार्च एंडिंगला यादी काढतो आणि विचारतो, ही बिलं का राहिली? तक्रारदाराशिवाय चालणारा वसुलीचा कायदा म्हणजे काय ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

आता आपल्या बिलाला हे लावून बघू. मुदत १९ फेब्रुवारीला संपली. कंपनीने २५ मार्चला पैसे दिले, तर उशीर झाला, व्याजाचा हक्क उभा राहिला, पण खर्च त्याच वर्षात मिळाला, कारण वर्ष संपायच्या आत पैसे गेले. १० एप्रिलला दिले तर मात्र दहा लाखांचा खर्च त्या वर्षातून बाहेर. २२ टक्क्यांच्या दरात बसणारी कंपनी असेल तर अधिभार आणि उपकर धरून त्यावर अडीच लाखांच्या वर कर आधी भरावा लागतो. भागीदारी फर्म असेल तर तीन लाख बारा हजार. पुढच्या वर्षी खर्च मिळतो, त्यामुळे हा दंड नव्हे, रक्कम वर्षभर अडकणं आहे. पण पैसा अडकण्याचा त्रास काय असतो हे पहिल्यांदा पैसा अडकवणाऱ्याला कळतं. आणखी एक गंमत पाहा. ४३बी मधल्या इतर देण्यांना रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत सवलत आहे, पीएफ किंवा जीएसटीच्या उशिराला लोक ती वापरतात. एच ला ती सवलत नाही.

माल २० मार्चला पोचला असता तर? ३१ मार्चला अकराच दिवस झालेत, मुदत ४ मेपर्यंत. ४ मेच्या आत पैसे दिले तर खर्च मार्चच्या वर्षातच धरला जातो. त्यामुळे ‘३१ मार्चला सगळ्या छोट्या पार्ट्यांची बाकी शून्य करायलाच हवी’ असं जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते अर्धवट आहे. मुदत उलटलेली बाकी तेवढी शून्य हवी.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम २०२५ येतो. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही कुणालाच कधी नीट न समजलेली जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ येतं. कलमांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे ‘४३बी-एच’ हे नाव हळूहळू जाईल. तरतूद नव्या कायद्यातही आहे.

आता कुणाला लागू, कुणाला नाही. इथे घोळ फार होतात. संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमला नाही. १ एप्रिल २०२५ पासून या व्याख्या रुंदावल्या. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल म्हणजे सूक्ष्म. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत लघु. आधी लघुची उलाढालीची मर्यादा पन्नास कोटी होती. म्हणजे सिन्नरला साठ-सत्तर कोटींची उलाढाल करणारा जो कारखाना काल मध्यम होता तो आज लघु आहे, आणि त्याचे पैसेही ४५ दिवसांत द्यायचे आहेत. खरेदीदारांच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र तो अजून ‘मध्यम’च पडलेला असतो. निर्यातीची उलाढाल या हिशेबात धरत नाहीत, हेही इकडच्या निर्यातदारांनी लक्षात ठेवावं.

व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारची एमएसएमई नोंदणी, मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. मेनरोडवरच्या हार्डवेअरवाल्याने उद्यम सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये लावलं असलं तरी ४५ दिवसांचा हक्क त्याला मिळत नाही. उत्पादन करणारा किंवा सेवा देणारा हवा.

आणि नोंदणी आधी हवी. वाद झाल्यावर घाईघाईने उद्यम काढायचं आणि जुन्या बिलांना लावायचं, यावर न्यायालयांनी पूर्वी नकार दिला आहे. करार झाला तेव्हा नोंदणी असायलाच हवी का, हा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. त्याचं उत्तर काय येईल याची वाट बघत बसण्यापेक्षा फुकटात आणि तासाभरात होणारी नोंदणी आजच करून बिलावर नंबर छापणं शहाणपणाचं. भाऊसाहेबांच्या बिलावर जीएसटी नंबरच्या खालीच आता ठळक टायपात उद्यम नंबर आणि ‘लघु उद्योग’ असं आहे. बायकोने विचारलं म्हणे, हे काय नवीन? तर म्हणाले, घराला कुलूप लावतो तसं.

नियम आला की पळवाटही येते. पहिल्याच मार्चमध्ये एका खरेदीदाराने माझ्या दुसऱ्या एका क्लायंटला सुचवलं, उद्यम रद्द करून टाका, मग काम चालू ठेवू. आणखी एकाने ३० मार्चला क्रेडिट नोट, म्हणजे बिल मागे घेतल्याचा कागद, मागितली आणि एप्रिलमध्ये त्याच मालाचं नवं बिल. माल जागचा हललेला नाही आणि कागद दोनदा फिरला. हे करू नका असं मी दोघांनाही सांगितलं. माल परत न येता काढलेली क्रेडिट नोट जीएसटीत वेगळी डोकेदुखी उभी करते, आणि उद्यम रद्द केल्यावर बँकेचा व्याजदरही बदलू शकतो. एकाने ऐकलं. दुसऱ्याने नाही ऐकलं, आणि त्याला दोष देताना माझीही जीभ अडखळते, कारण त्याचं निम्मं काम त्या एकाच पार्टीचं आहे.

भाऊसाहेबांची फाइल मी पूर्ण चाळली तेव्हा खालच्या बाजूला आणखी एक गठ्ठा निघाला. त्यांच्या पार्टना झिंक प्लेटिंग करून देणाऱ्याची बिलं. तोही अंबडचाच, दोन गाळे सोडून, उद्यम नोंदणीवाला. सर्वात जुनं बिल ७० दिवसांचं. ‘अहो, तो काय, घरचाच माणूस आहे,’ भाऊसाहेब म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या कंपनीचा पर्चेस मॅनेजर तुमच्याबद्दल हेच म्हणत असेल. कायदा खरेदीदार किती मोठा हे बघत नाही. लघु उद्योगानेही दुसऱ्या सूक्ष्म उद्योगाला ४५ दिवसांतच द्यायचे. हे ऐकून ते जरा गप्प झाले, मग मोबाइल काढून प्लेटिंगवाल्याचा बँक खाते क्रमांक शोधू लागले.

तक्रारीचा रस्ता अगदीच बंद आहे असं नाही. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज ऑनलाइन होतो. कौन्सिल आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही जमलं तर लवादासारखा निकाल. कायद्यात त्यासाठी ९० दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते ९० दिवस सरकारी असतात. पण एक हत्यार जबर आहे: निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी निकालाच्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की मुदतबाह्य झालेली जुनी थकबाकीसुद्धा समेटासाठी कौन्सिलपुढे नेता येते. लवादासाठी मात्र मुदतीचा कायदा लागू राहील. ज्या पार्टीशी धंदा संपलाच आहे, तिच्या थकबाकीसाठी मी हा रस्ता सुचवतो. चालू पार्टीसाठी नाही सुचवत.

चालू पार्टीसाठी दुसरी सोय आहे, ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेले हे ऑनलाइन मंच आहेत. आपण बिल टाकायचं, कंपनीने तिथेच ‘मान्य’ म्हणायचं, मग बँका त्या बिलावर बोली लावतात. सर्वात कमी व्याज सांगणाऱ्याकडून एक-दोन दिवसांत पैसे आपल्या खात्यात. देय तारखेला बँक कंपनीकडून वसूल करते. कंपनीने बुडवलं तरी बँक आपल्याकडे येत नाही, हा यातला सगळ्यात मोठा फायदा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी बंधनकारक होती. पण नोंदणी वेगळी आणि बिल मान्य करणं वेगळं. सातपूरच्या व्यायामशाळेचे सभासद सगळेच असतात, सकाळी येतात किती?

एक आडवळणाची गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनुसार कामगाराने नोकरी सोडली किंवा त्याला काढलं, तर त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. म्हणजे भाऊसाहेबांच्या शेडमधून पैसे बाहेर जायचं घड्याळ दिवसांत आणि आत यायचं महिन्यांत. मधली दरी कोण भरतं? बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट.

आणि इथे दिरंगाईचा दुसरा फटका बसतो, जो फार लोकांच्या ध्यानात येत नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा चाळीस लाख मंजूर असली तरी रोज किती उचलता येतील ते स्टॉक आणि येणी बघून ठरतं. येण्यांमध्ये साधारण ९० दिवसांच्या आतली बिलंच बँक धरते. बिल जुनं झालं की ते हिशेबातून गळतं. म्हणजे कंपनीने पैसे थकवले की भाऊसाहेबांचे पैसे तर येत नाहीतच, वर त्याच कारणाने बँकेतून उचलायची रक्कमही कमी होते. दोन्ही नळ एकदम बंद. मग घरातलं सोनं आठवतं.

सोनेतारणाचे नियमही बदलले आहेत. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जाचे नवे निर्देश काढले आणि अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत दिली. घरगुती गरजेच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा. ऐकायला छान वाटतं. पण वर्षाने एकरकमी फेडायचं कर्ज असेल तर ही टक्केवारी व्याजासह होणाऱ्या एकूण रकमेवर लागते. दोन लाखांचं सोनं, ८५ टक्के म्हणजे एक लाख सत्तर हजार. व्याज दहा टक्के धरलं तर हातात मिळतात साधारण एक लाख चोपन्न हजार. एक लाख सत्तरची अपेक्षा धरून सराफ बाजारातून थेट बँकेत गेलेल्या माणसाचा काउंटरवर वाद होतो तो यामुळे.

धंद्यासाठी घेतलेल्या सोनेतारणाला ही टक्केवारीची शिडी लागू नाही, तिथे बँक धंद्याची गरज आणि पैशाची आवक बघते. त्यामुळे अर्जात ‘कारण’ या रकान्यात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. पारख कर्जदाराच्या समोर व्हायला हवी, खडे-मोती सोडून नुसत्या सोन्याची किंमत धरायची. कर्ज फिटलं की दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत परत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. भाऊसाहेबांच्या घरात हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं, ताईंच्या आग्रहावरून.

दुसरा मार्ग म्हणजे कर्ज स्वस्त बँकेत हलवणं. २०२५ सालात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आला. मोठ्या बँकांनी सूक्ष्म-लघु उद्योगांना दिलेली बदलत्या दराची कर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशी, बांधलेली असतात, त्यामुळे तिथे तीन महिन्यांच्या आत फरक दिसायला हवा. सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांवर तसं बंधन नाही. मग माणूस म्हणतो, चला बदलू. आणि तेव्हा मुदतपूर्व फेडीचा आकार समोर येतो.

जुलै २०२५ च्या निर्देशांनी यावर मोठी सवलत दिली. १ जानेवारी २०२६ ला किंवा त्यानंतर मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर, व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून धंद्याच्या कर्जासाठीही व्यापारी बँकांनी हा आकार घ्यायचा नाही. पैसे कुठून आणले, किती महिन्यांनी फेडले हे विचारायचं नाही. स्मॉल फायनान्स बँका, जिल्हा बँका, मधल्या थरातल्या फायनान्स कंपन्या यांना हाच नियम पन्नास लाखांपर्यंतच्या कर्जाला.

आपल्या गावात प्रश्न येतो नागरी सहकारी बँकांचा, कारण निम्म्या शेडचं खातं तिथेच. रिझर्व्ह बँक त्यांना ठेवींप्रमाणे चार स्तरांत बसवते. दहा हजार कोटींवर ठेवी म्हणजे चौथा स्तर, तिथे पूर्ण सवलत. एक हजार ते दहा हजार कोटी म्हणजे तिसरा, तिथे पन्नास लाखांपर्यंत. त्याखालच्या पहिल्या-दुसऱ्या स्तरातल्या बँका धंद्याच्या कर्जावर आपल्या धोरणाप्रमाणे आकार घेऊ शकतात, फक्त तो आधी मंजुरीपत्रात सांगितलेला हवा. पतसंस्था यात कुठेच नाहीत. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेचे हे नियम त्यांना लागत नाहीत, आणि तिथल्या ठेवींना बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षणही नसतं. पाटीवर ‘अर्बन’ असलं की बँकच असं समजणारे अजून भेटतात.

कर्जाचा खरा भाव कळायला एक कागद आहे, तो मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, कर्जदाराला कळेल अशा भाषेत. मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यात व्याजासोबत प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे सगळं मिसळून वर्षाचा एकच दर दिलेला असतो. त्यात नसलेला आकार नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हप्ता चुकला तर दंड लागतो, पण २०२४ पासून तो व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

भाऊसाहेबांची सीसी दुसऱ्या स्तरातल्या बँकेत होती, म्हणजे सवलत नाही. पण सीसीसाठी निर्देशांत एक छोटी फट आहे: करारात सांगितलेल्या मुदतीआधी ‘आम्हाला नूतनीकरण करायचं नाही’ असं बँकेला कळवलं आणि खातं ठरल्या तारखेला बंद केलं, तर आकार लागत नाही. त्यांच्या करारात ती मुदत तीस दिवसांची निघाली. पत्र त्यांनी माझ्याच टेबलावर बसून हाताने लिहिलं आणि तसेच शाखेत घेऊन गेले. संध्याकाळी पोच दाखवायला आले. गोल शिक्का, खाली न वाचता येणारी सही, आणि त्याखाली वेगळ्याच शाईत तारीख.

‘पेन मीच पुढे केलं,’ म्हणाले.